गादी उभी म्हणजे बेड तयार नाही

५ जून २०२३, सोमवार. सकाळचा राउंड संपला आणि अधीक्षक सरांनी केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे सरकवला. 'आपणांस संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात येत आहे.' सरकारी नोकरीत 'अतिरिक्त' हा शब्द कसा वाचायचा ते अकरा वर्षांत कळलं आहे. पगार तोच, ड्यूटी तीच, रजिस्टरं वाढली. मी पोच दिली, एक प्रत पर्समध्ये घातली आणि परत लेबर रूममध्ये गेले. तिथे एक बाई नऊ सेंटिमीटरवर, म्हणजे बाळंत व्हायच्या बेतात होती, त्यामुळे घाबरायला वेळ मिळाला नाही. घाबरले ते रात्री घरी चेकलिस्ट उघडली तेव्हा.

आमचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय मराठवाड्यात, तालुक्याच्या गावी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात आमची अब्रू आहे आणि इतरांचीही. त्या वर्षी आम्ही 'कायाकल्प'मध्ये उतरणार होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केंद्र सरकारची ही योजना मे २०१५ मध्ये सुरू झाली. सरकारी दवाखान्यांची साफसफाई, जैववैद्यकीय कचरा, संसर्ग नियंत्रण वगैरेंची तपासणी होते, तीही तीन वेळा. आधी आपणच आपली करायची, मग दुसऱ्या रुग्णालयाची टीम येते, शेवटी बाहेरचे असेसर. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. ७० टक्के झाले तर बक्षिसाच्या यादीत नाव, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

चेकलिस्टच्या एका रकान्यात ओबी, एसआय, आरआर, पीआय अशी अक्षरं असतात. मी दोन दिवस त्यांचा अर्थ शोधत होते. डोळ्यांनी बघा, स्टाफला विचारा, रजिस्टर बघा, पेशंटला विचारा, एवढंच. नव्याने काम हाती घेतलेल्या सिस्टरांनो, ज्या मुद्द्यापुढे एसआय आहे त्यावर आधी खूण करा. तिथे 'स्टाफ' म्हणजे तुम्ही नव्हे. असेसर सरळ सफाईवाल्या मावशींपुढे जाऊन उभे राहतात.

पहिली अंतर्गत तपासणी २० जूनला केली. सर, मी आणि फार्मासिस्ट. आमची समजूत अशी की दवाखाना तसा स्वच्छ आहे, सकाळी दारातून आत आलं की फिनेलचा वास येतो. वास आला की काम झालं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी मावशींच्या मागे मागे फिरले. एकच बादली. ओपीडीतून सुरुवात, तीच बादली पुरुष वॉर्डात, तिथून स्त्री वॉर्डात, शेवटी प्रसूतीनंतरच्या खोलीत. तिथे पोचेपर्यंत पाण्याचा रंग चहासारखा झालेला. म्हणजे ओपीडीतल्या सगळ्यांच्या चपलांची माती आम्ही काल बाळंत झालेल्या बाईच्या खाटेखाली नेऊन पसरत होतो, फिनेलचा सुगंध लावून. संसर्ग नियंत्रणाच्या भागात आम्हाला निम्मे गुणही मिळाले नाहीत, आणि ते गुण देणारे आम्हीच होतो.

जुलैच्या १३ आणि १४ तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी ट्रेनिंग झालं. एसटीचं भाडं नंतर मिळेल असं सांगितलं होतं (मिळालं, मार्चमध्ये). दोन दिवसांत बरंच कानावरून गेलं, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आधी साबण-पाणी, मग जंतुनाशक. हायपोक्लोराइट, म्हणजे आमचं क्लोरीनचं जंतुनाशक, थेट घाणीवर ओतलं तर त्यातलं क्लोरीन ती घाण, रक्त, लघवी यांच्याशीच झुंजण्यात संपून जातं, जंतूंपर्यंत काही उरत नाही. आणि दुसरी गोष्ट, जिने पुढचे सहा महिने माझा जीव खाल्ला: लावलेलं जंतुनाशक दहा मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. लावलं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसलं, तर ते नुसतं पाणी मारल्यासारखंच.

परत आल्यावर आधी स्टोअर उघडलं. सोडियम हायपोक्लोराइटचे सहा कॅन होते, पाच टक्क्यांचे. चारांवरची उत्पादनाची तारीख वर्षापूर्वीची, आणि ठेवलेले कुठे, तर पश्चिमेच्या खिडकीखाली, दुपारभर ऊन येतं तिथे. हायपो ऊन आणि उष्णता लागली की उतरत जातं. कॅनवर पाच लिहिलेलं असलं तरी आत किती उरलंय ते देव जाणे. ते कॅन बाजूला काढायचे तर स्टॉक बुकात दाखवावे लागतात, दाखवायचे तर कारण लिहावं लागतं, कारण लिहायचं तर चूक कुणाची हा प्रश्न येतो. फार्मासिस्टनी 'मुदतबाह्य' एवढाच शब्द लिहिला आणि विषय मिटवला. तुमच्याकडे कॅन आले की त्यावर मार्करने तारीख टाका, अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि जुना आधी वापरा. एवढ्याने बरंच काम होतं.

मग मावशींचं ट्रेनिंग. आमच्याकडे चार मावशी आणि एक मामा, सगळे एजन्सीमार्फत कंत्राटी. मी फळ्यावर लिहिलं: पाच टक्के, एक टक्का, भागिले, वजा एक. मावशींचे चेहरे कोरे. मी परत समजावलं. परत कोरे. शेवटी म्हटलं, "हे बघा, एक मग औषध आणि चार मग पाणी, म्हणजे एक टक्क्याचं होतं. रक्त सांडलं, उलटी झाली की हे. आणि एकास नऊ केलं की अर्धा टक्का, रोज हात लागतो त्या जागांना."

त्यावर मोठ्या मावशी एकदम बोलल्या, "मग सरळ सांगा ना सिस्टर, एकास चारचा माल अन् एकास नऊचा."

त्यांनी दहा वर्षं बांधकामावर मिस्तरीच्या हाताखाली माल कालवला आहे. सिमेंट-वाळूचं एकास चार म्हणजे प्लास्टर, हे त्यांच्या हातात बसलेलं. त्या पुढे म्हणाल्या, "अन् माल कालवला की त्याच दिवशी लावायचा. उद्याला राहिला तर फेकायचा." हायपोचंही तेच आहे, पातळ केलेलं रोजचं रोज संपवायचं. मी फळा पुसला. त्यानंतर इतर तिघींना त्यांनीच शिकवलं. दोन मग आणले, एक लाल आणि एक पांढरा. लाल औषधाचा, पांढरा पाण्याचा. मार्कर पुसला जातो, रंग पुसला जात नाही.

ऑगस्टमध्ये झाडू बंद केला. वॉर्डात कोरडा झाडू मारला की धूळ उडते आणि परत जखमांवर, सलाइनच्या जोडांवर, खाटांवर येऊन बसते. ओला मॉपच फिरवायचा. यावरून जेवढं भांडण झालं तेवढं कशावरून झालं नाही. झाडल्याशिवाय फरशी पुसायची हे कुणाच्याच मनाला पटेना, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आईला अजून पटलेलं नाही. केळीची सालं, गोळ्यांची पाकिटं, दुधाच्या पिशव्या यांचं काय, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्यासाठी लांब दांड्याची सुपली आणि रबरी पट्टीचा वायपर घेतला. मोठा कचरा ओढून घ्यायचा, धूळ उडवायची नाही.

तीन बादल्यांची पद्धत आली: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं पाणी, तिसरीत हायपो. साबणाने पुसायचं, मॉप साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, पुन्हा साबण. फरशी सुकली की तिसऱ्या बादलीने शेवटचा हात. आतून दाराकडे यायचं, दारातून आत नाही. कमी घाण जागा आधी, संडास शेवटी, आणि संडासाचा मॉप वेगळा. ऐकायला सोपं आहे. पण त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला, दवाखान्याला दिवसाआड टँकर. तीन बादल्या, त्याही पाणी गढूळ झालं की बदलायच्या, म्हणजे नुसत्या फरशीला जाणारं पाणी तिप्पट. अधीक्षक सर म्हणाले, "सिस्टर, पेशंटला प्यायला ठेवायचं का फरशीला?" शेवटी लेबर रूम, ड्रेसिंग रूम आणि बाळंतिणींची खोली इथे पूर्ण तीन बादल्या, बाकी ठिकाणी पाणी येईल त्या दिवशी. चेकलिस्टमध्ये अशा उत्तराला गुण नाहीत. पण ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी हे आधी ठरवून घ्यावं, म्हणजे रोज सकाळी नवीन वाद होत नाही.

खरेदीचं सांगते. चाकांच्या ट्रॉलीसह तीन बादल्यांचं कोटेशन साडेसात हजारांच्या पुढे गेलं. मागणीपत्र, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, रुग्ण कल्याण समितीची मंजुरी. समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. मागणीपत्र २४ जुलैचं, ट्रॉली हातात आली ४ ऑक्टोबरला. ७२ दिवस. तोवर आम्ही बाजारातून दोनशे-सव्वादोनशेच्या साध्या बादल्या आणल्या, लाल, निळी, हिरवी, आणि गाडा म्हणून मोडक्या ड्रेसिंग ट्रॉलीचा खालचा सांगाडा वापरला. तोच जास्त चांगला चालला. नवीन ट्रॉली उंबऱ्यावर अडते.

त्याच खरेदीत जाड रबरी हातमोजे आणि गमबूट आले. सगळे मोठ्या मापाचे. आमच्या मावशींचे हात लहान. मोजा घातला की बोटांच्या टोकाला दोन इंच रबर लोंबतं, त्यात पिळणं सोडाच, मॉपचा दांडाही धरता येत नाही. मग त्या मोजे काढून काम करणार आणि आपण त्यांना नोटीस देणार. मागणीपत्रात माप लिहा. मी लिहिलं नव्हतं, चूक माझीच. बदलून मिळायला आणखी तीन आठवडे.

मध्येच एक प्रसंग झाला, तो सांगितलाच पाहिजे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी स्त्री वॉर्डाच्या बाथरूममधून खोकल्याचा आवाज आला. धाकट्या मावशी दारात बसलेल्या, डोळ्यांतून पाणी, श्वास लागलेला. संडासाचे डाग निघेनात म्हणून त्यांनी आधी अ‍ॅसिड टाकलं होतं आणि त्यावर हायपो. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. मोकळ्या हवेत नेलं, ऑक्सिजन लावला, नेब्युलायझेशन दिलं, संध्याकाळपर्यंत बऱ्या झाल्या. मला रात्री झोप लागली नाही, कारण ट्रेनिंगमध्ये मी एकास चार शिकवलं, दहा मिनिटं शिकवली, आणि हेच सांगायचं राहिलं होतं. हायपो कशातही मिसळायचं नाही. अ‍ॅसिडमध्ये नाही, फिनेलमध्ये नाही, जास्त जोर यावा म्हणून साबणातही नाही. दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅसिडची बाटली वेगळ्या कपाटात गेली, कुलूप माझ्याकडे.

गौरी-गणपतीनंतर ठिपक्यांचं काम सुरू केलं. ही युक्ती ट्रेनिंगमध्ये कळली होती. साध्या उजेडात न दिसणारी शाई असलेलं पेन आणि निळसर जांभळा प्रकाश देणारी छोटी टॉर्च, जिच्या उजेडात नोटा तपासतात तसली. दोन्ही मिळून ३४० रुपये, ऑनलाइन. माझ्या खिशातून, कारण त्याची फाईल चालवायची हिंमत नव्हती. रात्री ड्यूटीवर असताना हात लागणाऱ्या जागांवर ठिपके काढायचे: खाटेचा कठडा, लॉकरची मूठ, सलाइन स्टँडचा स्क्रू, बटणांचा बोर्ड, दाराची कडी, बाथरूमचा नळ. सकाळची सफाई झाली की टॉर्च मारून बघायचं. ठिपका गेला असेल तर फडकं तिथे पोचलं.

पहिल्या दिवशी २४ ठिपके होते. गेले सात. सगळे फरशीजवळचे आणि दाराच्या कड्यांचे.

मी चिडून मावशींना गोळा केलं आणि टॉर्चच्या उजेडात एकेक ठिपका दाखवला. मोठ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "लॉकर आमचा हाय हे कुणी सांगितलंय? त्याच्यावर पेशंटचा डबा असतो, औषधं असतात, देवाचा फोटो असतो. आम्ही हात लावला अन् पैसे गेले म्हणले तर?" मग सलाइन स्टँड? "ते सिस्टरचं." मी सिस्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या ते मामांचं. मामा म्हणाले, मी तर फक्त स्ट्रेचर ओढतो. बटणांचा बोर्ड कुणाचाच नव्हता, शॉक बसेल म्हणून पिढ्यानपिढ्या कुणी पुसलेला नव्हता.

एवढे दिवस मला वाटत होतं की आमचं दुखणं औषधाचं आहे, पाण्याचं आहे, पैशाचं आहे. ते होतंच. पण ३० खाटांच्या दवाखान्यात अर्ध्याहून जास्त वस्तूंना मालकच नाही, हे मला ३४० रुपयांच्या पेनाने दाखवलं. त्या रात्री एक तक्ता केला. डाव्या बाजूला वस्तू, उजव्या बाजूला कोण. सलाइन स्टँड, मॉनिटर, सक्शन मशीन, ऑक्सिजनचा फ्लोमीटर: ड्यूटीवरची सिस्टर. कठडा, लॉकर, नळ, कडी: मावशी. बोर्ड: मावशी, पण फडकं पिळून, स्प्रे मारून नाही. मॉनिटरला हायपो नाही, स्पिरिटचं फडकं. आणि लोखंडाच्या कठड्याला दहा मिनिटांनी साध्या पाण्याचा हात, नाहीतर दोन महिन्यांत गंज चढतो. आमच्या चार कठड्यांना चढला. लॉकरसाठी असं ठरलं की सकाळी सात वाजता सिस्टर आवाज देणार, नातेवाइकांनी सामान आपल्या हाताने उचलायचं, देव कपाळाला लावून पिशवीत, मग मावशी पुसणार. देवाला दहा मिनिटं पिशवीत ठेवण्यावर आजवर एकाही पेशंटने तक्रार केली नाही. डबा उचलण्यावर मात्र कुरकुर होते.

ऑक्टोबरमध्ये डेंग्यूचे पेशंट वाढले. ३० खाटा, ५०च्या वर पेशंट, व्हरांड्यात चटया. एक बेड रिकामा होतो आहे म्हटलं की त्याच्याभोवती दोन कुटुंबं पिशव्या घेऊन उभी. डिस्चार्ज झालेल्या बेडचं टर्मिनल क्लीनिंग म्हणजे चादर गुंडाळून काढायची, झटकायची नाही. गादी दोन्ही बाजूंनी साबणाने, मग हायपोने. खाटेचा सांगाडा, पाय, लॉकर आतून-बाहेरून, स्टँड. हात चालवला तर २५ मिनिटं, आणि वर ती दहा. ती दहा मिनिटं कुणालाच दिसत नाहीत. बाकीच्या वेळात माणूस काम करताना तरी दिसतो, या दहा मिनिटांत नुसती ओली गादी दिसते आणि बाजूला रिकामी उभी असलेली मावशी.

"ओल्या गादीवर झोपवता का आमच्या पोराला?" "बेड रिकामा ठेवून कुणाची वाट बघताय, आमदाराच्या माणसाची?" हे मी स्वतः ऐकलं. एकदा तर मी वळले तेवढ्यात एका आजोबांनी आपल्या शर्टाने गादी पुसली आणि नातवाला वर चढवलं. माझ्या फाईलला ७२ दिवस थांबणारा हाच दवाखाना दहा मिनिटं थांबायला तयार नव्हता. मी पाटी लावली: 'निर्जंतुकीकरण सुरू आहे.' पाटीवर पिशवी लटकवली गेली.

उपाय मोठ्या मावशींनी काढला. गादी पुसून झाली की ती खाटेवर आडवी टाकायचीच नाही. भिंतीला टेकवून उभी करायची. उभ्या गादीवर कुणी झोपू शकत नाही, पिशवी ठेवू शकत नाही, दोन्ही बाजू एकदम सुकतात, आणि खालचा पत्राही पुसायला मोकळा मिळतो. त्याच पत्र्यावर पहिल्या आठवड्यात दोन उघड्या सुया सापडल्या, म्हणजे आम्ही किती दिवस गाद्या उचललेल्याच नव्हत्या. आता आमच्याकडे रात्रपाळीचा डॉक्टरसुद्धा वॉर्डात डोकावून विचारतो, "गादी उभी आहे का आडवी?" उभी म्हणजे बेड तयार नाही. नातेवाइकांनाही पाटी न वाचता कळतं.

गाद्या उभ्या केल्यावर दुसरं दुखणं उघडं पडलं. ३० पैकी ११ गाद्यांचं रेक्झिन फाटलेलं. फाटलेल्या जागेतून आत स्पंजात काय काय मुरलेलं असतं ते सांगत नाही, आणि स्पंजाला जंतुनाशक पोचत नाही. नवीन गाद्यांची मागणी जिल्ह्याला गेली, तिचं उत्तर आलेलं नाही. बसस्टँडमागे ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारे एक मामू आहेत. त्यांनी स्पंज बदलून, जाड रेक्झिन लावून एका गादीचे ९५० रुपये घेतले. शिवण खालच्या बाजूला घ्यायला सांगा. पहिल्या दोन गाद्यांना त्यांनी हौसेने चारी बाजूंनी पायपीन, म्हणजे कडेची गोल पट्टी, लावली होती, तिच्या घडीत घाण बसते; ती उसवून घ्यावी लागली.

ऑपरेशन थिएटरबद्दल थोडक्यात. आमच्याकडे शनिवारी फॉर्मॅलिनचा धूर करून खोली बंद करायची जुनी पद्धत होती. सोमवारी डोळे चुरचुरले की थिएटर शुद्ध झालं असं मानायचे. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवलेलं आहे. ते बंद केलं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं फॉगिंग आलं, पण त्याआधी भिंती, दिवा, टेबल हाताने धुवावंच लागतं, धुरळणीने धूळ निघत नाही. थिएटरच्या मामांना वास नसल्याने अजूनही चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दिवाळी झाली आणि २१ नोव्हेंबरला दुसऱ्या तालुक्याची टीम आली. मी तयारीत होते. सुरुवातीला सगळं बरं चाललं. मग त्यांच्यातल्या एक सिस्टर स्त्री वॉर्डाच्या संडासाबाहेर लटकवलेल्या तक्त्यापुढे थांबल्या. साडेअकरा वाजले होते. तक्त्यावर दुपारी दोन, चार आणि सहाच्या सफाईच्या सह्या झालेल्या होत्या. माझीही, सुपरवायझर म्हणून. सकाळी एकदम करून टाकायची सवय. त्या माझ्याकडे बघून हसल्या, बोलल्या काहीच नाहीत. त्या तक्त्याचे गुण गेले.

डिसेंबर वाईट गेला. एजन्सीने मावशींचा तीन महिन्यांचा पगार दिला नव्हता. दोघी काम सोडून ऊसतोडीला गेल्या. उरलेल्यांनी दोन दिवस काम बंद ठेवलं, आणि मी त्यांना काय म्हणणार? जिला घरभाडं द्यायचं आहे तिला दहा मिनिटांचं महत्त्व सांगायला माझी जीभ उचलेना. ते दोन दिवस आम्ही सिस्टरांनी मॉप मारले. पाठ तिसऱ्या खोलीत धरली. तोवर मला वाटायचं मावशी मधल्या खोलीत मुद्दाम हळू करतात. सरांनी पत्रावर पत्र पाठवली, जानेवारीच्या शेवटी दोन महिन्यांचा पगार आला. एक गोष्ट मात्र त्या काळात मार्गी लावली: हिपॅटायटिस बीची लस. सिस्टर-डॉक्टरांना कधीच दिली होती, कचरा उचलणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्याला असे तीन डोस. पगाराच्या भांडणातही पहिल्या डोसला सगळ्या आल्या.

शेवटची तपासणी ९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. असेसर दोघे. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत, चहासुद्धा उभ्या उभ्या. हात धुण्याच्या बेसिनवर साबण नव्हता, कारण आदल्या दिवशी भरलेली बाटली कुणीतरी नेली होती. (साबणदाणी भिंतीला ठोकून घ्या. आम्ही नंतर घेतली.) एक ओला मॉप बादलीतच विसरलेला सापडला, तो उलटा टांगून उन्हात वाळवायचा असतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी आपण जंतूच फिरवतो. पंख्याच्या पात्यावर बोट फिरवून त्यांनी ते बोट मला दाखवलं.

मग ते मोठ्या मावशींपुढे गेले. मी चार पावलं मागे, हातापायांना घाम. विचारलं, एक टक्क्याचं द्रावण कसं करता? मावशींनी लाल आणि पांढरा मग उचलून दाखवला. "एकास चार. रोजचं रोज. उरलं तर फेकून." वॉर्डात रक्त सांडलं तर? "मोजे, मास्क. वरून कागद टाकायचा, त्याच्यावर हे ओतायचं, दहा मिनिटं घड्याळ बघायचं, मग उचलून पिवळ्या पिशवीत, मग परत पुसायचं." दहाच मिनिटं का? मावशी क्षणभर थांबल्या. "प्लास्टरला पाणी मारतो तसं. वाळलं की काम थांबतं." असेसरांनी काहीतरी लिहिलं. दोन गुण दिले, हे मला नंतर शीटवर दिसलं.

निकालाचं पत्र आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा पुढचा पावसाळा सुरू झाला होता. ७३ टक्के. पहिला-दुसरा नंबर नाही, प्रोत्साहनपर प्रशस्तिपत्र आणि एक लाख रुपये. त्यातले ७५ टक्के दवाखान्याच्या सुधारणेला आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांना द्यायचे असतात. कंत्राटी मावशी 'कर्मचारी' या शब्दात बसतात का, यावर दोन महिने पत्रव्यवहार झाला. बसतात असं उत्तर आलं. प्रत्येकीच्या वाट्याला जे आलं त्यात गॅसची टाकी भरून थोडे उरतील एवढं होतं. मोठ्या मावशींनी पेढे आणले, त्यातच बरेचसे गेले असणार.

मागच्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या आणि ते पेन मागितलं. "आता ठिपके मी लावते. तुमच्या स्टँडला अन् मशिनीला." मी हसत दिलं. सकाळी सातला टॉर्च घेऊन त्या आमच्या नर्सिंग स्टेशनला आल्या, मागे बाकीच्या तिघी. दहा ठिपके होते. चार गेले होते.

सक्शन मशीनचा ठिपका माझ्या ड्यूटीतला होता.